घरचा भाव

आर्णीच्या बाजारात रामीबाईने आजवर कुणाचा पहिला भाव मानला नव्हता. वांग्यावर घासाघीस, बांगड्यांवर घासाघीस. एकदा तर तिने एसटीच्या कंडक्टरलाही तिकीट कमी करायला सांगितलं होतं. अपवाद एकच, नेमसिंगचं मेडिकल. तो तिच्या बहिणीचा मुलगा. यवतमाळला शिकायला जायचा तेव्हा तीन वर्षं डबा हिच्याच घरचा. त्याला भाव विचारायचा म्हणजे आपल्याच चुलीकडे पावती मागण्यासारखं.

हाडं ठिसूळ झाली म्हणून डॉक्टरांनी आठवड्याला एक गोळी दिली होती. मंगळवारी सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणि अर्धा तास ताठ बसायचं. चार गोळ्यांचे दोनशे ऐंशी. त्या साली कापसाचा भाव पडला होता, गोठ्याची भिंत पडली होती. पडायची राहिली होती ती फक्त रामीबाई, आणि तिलाच डॉक्टरांनी 'पडू नका' म्हणून बजावलं होतं.

एका मंगळवारी सकाळीच शेजारच्या जैबुनबीने आपलं पाकीट दाखवलं. त्याच गोळ्या, तेच दुकान.

"एकशेवीसले आणलं."

"तुले काहून एवढं स्वस्त?"

"मी भांडली ना! तू?"

रामीबाईने पाकीट उलटून पाहिलं. "चुकला असन तो. पोरगं भोळं हाय."

"मंग फोन लावून पाय. वणीची बाई बन."

दुकानासमोरच्या पानटपरीवर रुपया टाकायचा फोन होता. रामीबाईने तोंडावर पदर धरला. समोर काचेआड नेमसिंगने फोन उचलला. दोघांमध्ये वीस पावलं आणि एक म्हैस.

"वणीहून बोलून राह्यली," ती म्हणाली आणि गोळीचं नाव सांगितलं.

"एकशेवीसमध्ये देतो, ताई."

"पाकिटावर तं दोनशे ऐंशी हाय म्हणे?"

तो हसला. तिच्या ओसरीवर जेवताना हसायचा, अगदी तसंच. "ते घरच्यायसाठी. बाहेरचे भाव विचारतात, घरचे कुठं विचारतात? त्यायच्याच जिवावर दुकान चालते!"

रुपया संपला. म्हैस तेवढी जागची हलली नाही.

रामीबाई तिला वळसा घालून दुकानात शिरली.

"ये मावशी!" नेमसिंगने खुर्ची पुसली. "तुह्यं पाकीट बाजूलेच काढून ठेवलं."

"केवढ्याचं?"

त्याचा हात थांबला. "मावशी, तू कायले भाव..."

"मी वणीहून आली."

त्याने बाहेर पाहिलं. टपरीवरून जैबुनबीने हात हलवला.

"एकशेवीस," तो गल्ल्याला म्हणाला.

"पावती."

पावतीबुक सापडायला वेळ लागला. पेन उघडून तो सवयीने विचारून बसला, "नाव?"

रामीबाईने नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, आडनाव सांगितलं. त्याने सगळं लिहून घेतलं.

मग तिने त्याच्याच माठातलं पाणी घेतलं, गोळी गिळली आणि त्या पुसलेल्या खुर्चीवर ताठ बसली.

"मावशी, घरी जाऊन बस ना."

"कोनाच्या घरी?"

त्या अर्ध्या तासात आत येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच विचारत होती, "तू याच्या घरचा, का बाहेरचा?" तिघे बाहेरचे निघाले. चौथा फुलसिंग, नेमसिंगचा सासरा. तो पाकीट खिशात टाकून पैसे देतच होता.

"भाव विचारला का?" रामीबाई म्हणाली.

"कायले?" फुलसिंग हसला. "जावई हाय माहा."

नेमसिंगने डोळे मिटले. अजून वीस मिनिटं बाकी होती.