साखळीतली ताई

दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे सगळे तिला ताई म्हणत. घरी, दार लावल्यावर, आई तिला चिमी म्हणायची, कारण ती चिमीच होती. औषधशास्त्राची पदवी घेतलेली खरी ताई, तिची थोरली बहीण, नोकरीवर रुजू होण्याआधीच तापाने गेली. वडील नव्हतेच. आईने मन दगडाचं केलं, धाकटी गेली असं नोंदवलं आणि ताईची पदवी चिमीच्या हाती ठेवली. चिमीने ताईची पुस्तकं घोकून घोकून पाठ केली. चुकीची गोळी तिच्या हातून कधी गेली नाही, पण म्हणून भीती थोडीच जाते?

आज ती भीती छातीवर बसली होती. नवा नियम आला होता. प्रत्येकाची पदवी एआय तपासणार आणि खरी ठरली की ब्लॉकचेनमध्ये कायमची नोंदवणार.

"ही साखळी असते बघा," पडताळणी अधिकारी सांगत होता. श्रोता सापडला की हा गडी सोडत नसे. "एकेका नोंदीच्या ठिकठिकाणी प्रती. एकदा नोंद झाली की ब्रह्मदेवाच्या बापालाही खोडता येत नाही. आणि हा एआय? सख्ख्या बहिणीसुद्धा वेगळ्या ओळखतो!"

चिमी कॅमेऱ्यासमोरच्या खुर्चीत बसली.

"कॅमेऱ्याकडे बघा, ताई. हसलात तरी चालेल."

हसतेय कसली! नोकरी जाईल, पोलीस येतील, आणि या वयात आईला कोठडीत बसवतील. पडद्यावर एक गोल फिरत राहिला. सगळं सांगून टाकावं आणि सुटावं, असं तिला वाटलं. तिने तोंड उघडलंही.

तेवढ्यात पडदा हिरवा झाला.

"तंतोतंत जुळलं!" अधिकारी खूश झाला. "कॉलेजातला फोटो अगदीच पुसट होता हो, म्हणून मी तुमच्या ओळखपत्रावरचा घातला."

म्हणजे एवढ्या शहाण्या यंत्राने तिला तिच्याशीच ताडून पाहिलं होतं. चिमीला हसू फुटणार, इतक्यात तो आवाज खाली आणून म्हणाला, "तुमची धाकटी बहीण गेलीय ना? कुटुंबाच्या नोंदी आपोआप जोडल्या जातात. तिचा मृत्यूही साखळीत पक्का झाला. वाईट वाटलं."

चिमीच्या अंगावर सरसरून काटा आला. इतकी वर्षं ती पकडलं जाण्याला घाबरत होती. आता तिला कुणी कधीच पकडणार नव्हतं.

घरी आईने दार उघडलं. "काय झालं गं?"

"खरी ठरले."

आईने हात जोडले, डोळे पुसले, मग दाराची कडी नीट लावली. चिमी तिथेच उभी राहिली. आईने एकदा चिमी म्हणून हाक मारावी, एवढंच तिला हवं होतं.

"आता घरातही जपायला हवं," आई हळूच म्हणाली. "चुकून ते नाव तोंडातून निसटायचं एखाद्या दिवशी. जा, हातपाय धू, ताई."