दोन टोल्यांचा हुकूम

दादांचा चमचा पेल्यावर एकदा वाजला आणि मी माउसवरील बोट तत्काळ उचलले. एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे सोड. संगणकाच्या पडद्यावरील खेळात आमचे चारशे जपानी भालाईत राजधानीच्या दरवाजासमोर बर्फात उभे होते आणि तटावरून बाणांचा अखंड वर्षाव चालू होता.

"दादा, माणसं पडतायत," मी म्हणालो.

पुन्हा एकच टोला.

"अहो, त्या जपान्यांना जेवायला तरी सोडा," वहिनी आतून म्हणाल्या. "सकाळपासून उभे केलेत बिचारे उन्हात."

"ऊन नाही वहिनी, बर्फ आहे."

"मग तर चहाच पाठवते. किती कप?"

"चारशे."

"चारशे एक करते, तो एक साखरेचा. तुमच्या दादांना बिनसाखरेचा चालत नाही, डॉक्टर काहीही सांगू देत."

दादांच्या ओठांचा डावा कोपरा किंचित हलला. उजवा हलत नसे.

आम्ही दोघा भावांनी एका इस्पितळाच्या बॉयलर-घरात एकतीस वर्षे काढली. दादा मुख्य, मी मदतनीस. तेथील घरघरीत मनुष्याचा शब्द मनुष्यास ऐकू येत नसे. म्हणून दादा दाबाच्या काट्यासमोर उभे राहून उजवा हात वर करीत आणि मी वाफेचे मोठे चाक फिरवीत असे. तो हात वर गेल्यावाचून मी चाक कधी फिरविले नाही. एकदा दादा लग्नाला गेले असता दाब चढत गेला, आणि मी चाकावर हात ठेवून, कोणाचा तरी हात वर जाईल या आशेने, नुसता उभा राहिलो. अखेर सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला आणि इस्पितळाचा धोबीखाना दिवसभर बंद पडला. दादा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "अरे, काटा तर तुलाही दिसतो ना?" ते वाक्य मला शिव्यांपेक्षा अधिक लागले.

गेल्या वर्षी अर्धांगवायूने दादांचा तोच हात नेला आणि वाचाही अडखळली. ते भिंतीकडे तोंड करून निजू लागले. कोणी हाक मारली तरी वळत नसत. शिक्षणासाठी दूर जाताना माझ्या पुतणीने आपला जुना संगणक मागे ठेवला व त्यावर हा जपानी सामुराईंच्या काळातील युद्धाचा खेळ चालू करून दिला. "काका, बाबांना घराणं निवडायला सांग," एवढे बोलून ती गेली. दादांनी सर्व बलाढ्य घराणी ओलांडून डाव्या बोटाने नेमके सर्वात लहान घराणे दाखविले. एक डोंगराळ परगणा, पांढऱ्या निशाणावर काळे पान, आणि अडतीस वर्षांचा एक सरदार.

त्या दिवसापासून दादा बसू लागले.

सात आठवड्यांत आम्ही अकरा किल्ले घेतले. खेळातली वर्षे भराभर सरत, त्यामुळे सरदार आता सदुसष्टांचा झाला होता. खेळाच्या नियमाप्रमाणे हा शेवटचा हिवाळा होता. या लढाईत राजधानी न पडल्यास सर्व डाव पाण्यात जाणार होता. मला राज्याचा लोभ नव्हता. दादा पुन्हा भिंतीकडे वळतील, एवढेच भय माझ्या उरात होते.

"किती?" दादांनी विचारले. शत्रूच्या प्रत्येक तिरंदाजापाशी किती बाण शिल्लक आहेत, हा आकडा त्यांना हवा होता.

"नऊ... सातच उरले, दादा. आता चार."

त्यांची युक्ती बॉयलरवाल्याची होती. दाब चढू द्यायचा. शत्रूने बाण संपवावेत, आपण थकलो आहोत असे समजून दरवाजा उघडून बाहेर यावे, आणि त्या क्षणी डावीकडील देवदारांत दडविलेले साठ घोडेस्वार खुद्द सरदारासह उघड्या दरवाजातून आत घालावेत. क्षणभर आधी सोडले तर दरवाजा बंद, क्षणभर उशीर झाला तर भालाईत खलास.

"दोन. संपले! दादा, संपले!"

दरवाजा करकरत उघडला. लाल निशाणांचा लोंढा बाहेर पडला. माझे बोट घोडेस्वारांवर होते आणि कान पेल्याकडे लागले होते. टोला येईना. भालाईतांची पहिली रांग मोडली, दुसरी वाकली. मी मान वळविली. चमचा जमिनीवर पडला होता.

मी तो झटकन उचलून दादांच्या डाव्या हातात दिला. त्यांनी तो परत माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटे त्यावर एकेक करून मिटविली.

"काटा," ते म्हणाले. घशातून शब्द ओढून काढावा तसे पुढे म्हणाले, "तुलाही... दिसतो."

मी पडद्याकडे पाहिले. लोंढा दरवाजापासून दूर आला होता. मागे वाट मोकळी होती. काटा लाल रेघेवर आला होता. मी घोडे सोडले.

अहाहा, काय ते घोडे! बर्फ उधळीत, देवदारांच्या सावलीतून विजेसारखे निघाले आणि शत्रू मागे वळेपर्यंत दरवाजाच्या कमानीखाली शिरले. मी खुर्ची सोडून केव्हा उभा राहिलो ते मला कळले नाही. "डावीकडे! जिन्यावर!" मीच ओरडत होतो आणि मीच हुकूम देत होतो. दादा मूठ मांडीवर आपटीत होते. एक चौक, दुसरा चौक, आणि अखेर सर्वात उंच मनोऱ्यावर काळे पान फडकले.

वहिनी चहा घेऊन धावत आल्या. "काय झालं? पडले का काय हे?"

"राजधानी पडली, वहिनी."

"म्हणजे जिंकलात ना? मग तोंड असं का?"

पडद्यावर चौकट उमटली होती. शेवटच्या चौकात सरदार धारातीर्थी पडला होता. वारस म्हणून एकच नाव होते, धाकटा भाऊ. खाली गादी स्वीकारण्याचे बटण होते आणि खेळ माझ्या उत्तरासाठी थांबला होता.

दादा चौकट वाचीत होते. वाचून झाल्यावर त्यांनी खुर्चीला पाठ टेकली, भिंतीकडे नव्हे, माझ्याकडे तोंड करून.

वहिनींनी माझ्या मुठीतून चमचा सोडवून घेतला, पुसला, आणि दादांच्या चहात साखर घालून ढवळू लागल्या. चमचा काठाला लागून दोनदा वाजला.

त्यापूर्वीच मी बटण दाबले होते.