मावशी वर, मी खाली

मी एक जुना लोखंडी भार आहे. मित्रांनो, तुम्ही लिफ्टमध्ये शिरता, आरशात पाहून केस सारखे करता आणि वर जाता, तेव्हा मागच्या भिंतीआड मी खाली येत असतो. पोलादी दोरांच्या एका टोकाला तुमची पेटी, दुसऱ्या टोकाला मी आणि मध्ये गच्चीवरच्या खोलीतले चाक, अशी ही रचना आहे. आपण नेहमी विरुद्ध दिशेने निघालेले असतो, त्यामुळे आपली ओळख होत नाही.

माझा जन्म ओतशाळेत झाला. वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यांत ओतून माझे ठोकळे घडवले गेले आणि एका चौकटीत एकावर एक रचले गेले. बसवणाऱ्या फिटरने मला रिकाम्या पेटीपेक्षा जड आणि माणसांनी गच्च भरलेल्या पेटीपेक्षा हलके ठेवले. त्यामुळे मोटरला सारे ओझे उचलावे लागत नाही; आम्हा दोघांतला फरक तेवढा सांभाळावा लागतो.

पेटी तळमजल्यावर असली की मी सर्वांत वर, निश्चल लटकलेला असतो. मी रिकामा बसलो आहे असे कोणालाही वाटेल. परंतु मला वर नेताना लागलेली ऊर्जा माझ्या उंचीत साठलेली असते. तिला स्थितिज ऊर्जा म्हणतात. मला मोकळे सोडले तर उंची घटत जाते, वेग वाढत जातो आणि हलक्या पेटीला वर उचलून जी ऊर्जा उरते ती गतिज ऊर्जा होते. तसे होऊ न देणारी एकच वस्तू असते, ती म्हणजे वरच्या चाकाला धरून ठेवणारा ब्रेक.

सुरुवातीच्या काळात लिफ्टचे फार कौतुक झाले. पुढे ब्रेकचे अस्तर, म्हणजे घासून चाक थांबवणारा त्याचा थर, झिजले. लिफ्टच्या मिस्त्रीने ते रहिवाशांच्या कानावर घातले. "चालतेय ना? मग कशाला हात लावायचा?" असे बैठकीत ठरले. त्या वर्षी पेटीत नवा आरसा बसला.

एका दुपारी पाचव्या मजल्यावरच्या मावशी एकट्याच घरी परतत होत्या. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये मोटर बंद पडली. मावशींना दम्याचा विकार. ओढायचे औषध घरीच राहिलेले. त्यांचे यजमान, सर्वांचे काका, ते घेऊन तिसऱ्या मजल्यावर धावले, पण पोलादी दारातून बोटही आत जाईना. मिस्त्री आला. त्याने दाराला तोंड लावून विचारले,

"मावशी, आत किती जण आहात?"

"एकटीच आहे रे."

"वजन किती तुमचं?"

"माझा इथे जीव चाललाय आणि हा मेला वजन विचारतोय!"

"पंच्याहत्तर," काका म्हणाले.

"अहो, काहीतरीच काय! सत्तर!" आणि पाठोपाठ खोकल्याची उबळ आली.

"दोन्ही चालेल. काका, तुम्ही औषध घेऊन चौथ्या मजल्यावर थांबा. पेटी वर जाणार."

"वर? अरे, ब्रेक सोडल्यावर वस्तू खाली पडते!"

"पडणारच. पण पडणार तो मागचा भार. तो मावशींसकट पेटीपेक्षा जड आहे."

"ऐकलंत ना?" आतून क्षीण आवाज आला. "माझ्याहून जड आहे म्हणे कोणीतरी."

मिस्त्रीने गच्चीवरच्या खोलीत जाऊन मुख्य स्विच बंद केला आणि ब्रेकची दांडी दाबली. मी खाली सरकलो. त्याने लगेच दांडी सोडली; तरी झिजलेले अस्तर नुसते किंचाळले आणि मी आणखी वीतभर घसरूनच थांबलो. मिस्त्रीने कपाळावरचा घाम पुसला. मग तो दोरांवरच्या, मजले दाखवणाऱ्या रंगाच्या खुणा पाहत थोडे थोडे सोडू लागला.

"अरे, तिचा आवाज येईनासा झालाय!" दोर जाण्यासाठी जमिनीत ठेवलेल्या भोकांतून काकांचा ओरडा वर पोहोचला. "एकदाच सोडून टाक ना!"

त्याने तसे केले असते, तर क्षणाक्षणाला माझा वेग वाढला असता. ते अस्तर मला आवरू शकले नसते आणि पेटी मावशींसह वरच्या छतावर आदळली असती. थांबणे माझ्या हाती नसते. मी लोखंड आहे. मला मावशी आणि वाळूचे पोते सारखेच.

"त्यांना म्हणावं, खाली बसून घ्या. आलीच पेटी," मिस्त्री ओरडला. त्याने हाताची गती तेवढीच ठेवली. दाबायचे, सोडायचे, खूण पाहायची. अखेर खूण जुळली. तो जिने उतरून धावला आणि किल्लीने दार उघडले.

मावशी आरशाखाली बसल्या होत्या. ओठ निळसर झाले होते. काकांनी औषध त्यांच्या तोंडाशी धरले. बऱ्याच वेळाने श्वास सुरळीत झाला, तेव्हा त्या मिस्त्रीकडे पाहून म्हणाल्या, "सत्तरच आहे हो."

त्याच आठवड्यात ब्रेकला नवे अस्तर लागले. बैठक झाली नाही.

मित्रांनो, उंचावर स्तब्ध असलेली वस्तू निरुद्योगी आहे असे समजू नका. तिच्यात गती साठलेली असते, आणि ती योग्य वेळी, योग्य मापाने सुटावी यासाठी कोणीतरी तिला धरून ठेवलेले असते. त्या धरणाऱ्याची विचारपूस करत जा. आरसा नंतर पुसला तरी चालेल.

मावशी आता पेटीत शिरल्या की बटण दाबण्यापूर्वी मागच्या भिंतीवर दोनदा टकटक करतात.

"या हं, सावकाश," त्या म्हणतात.

त्या वर जातात. मी सावकाश खाली येतो.