भिंतीतून निघालेला बैल

मी एक मातीचा बैल बोलतोय. पलूसच्या एका नव्या घरात असतो. कोण म्हणून असतो, ते मात्र मलाच अजून उमगत नाही.

मला घडवलं मनुबाईनं. तेव्हा ती परकरी पोर होती. ओढ्याकाठची काळी माती मळली, चिमटीनं ओढून माझे कान काढले, चुलीच्या आरात भाजलं, बाभळीच्या काट्यांची शिंगं खोचली आणि धाकट्या भावाच्या, नाथाजीच्या हाती दिलं. तो मला करवंटीतून पाणी पाजायचा, धुळीत नांगरट करायचा. एक शिंग त्यानंच मोडलं. रात्री मला कोनाड्यात बांधायचा. पुढं तो मोठा झाला, कोनाडा कुणी लिंपून बुजवला, आणि मी आतच राहिलो.

गेल्या साली जुनं घर पाडलं, तेव्हा ढेकळांतून बाहेर आलो. नाथाजी आता नाही. त्याच्या सुनेनं, संयोगितानं मला पदरानं पुसलं, कपाळाला लावलं. "भिंतीतनं नंदी निघाला गं बाई!"

झालं! मी देव्हाऱ्यात, पिंडीसमोर. तिचा नवरा जयराज फौजेत, सीमेवर. तिनं सोळा सोमवार धरले. बेल वाहिला, की माझ्या कानात सांगायची, "म्हादेवाला म्हणावं, त्यांना सुखरूप घरी आणा." मी गोंधळून पिंडीकडं बघायचो. लेक ऋचानं हात पुढं केला, की तिला दटावणी, "शिवू नगं, देव हाय त्यो!"

गेल्या महिन्यात मनुबाई आटपाडीहून आली. देव्हाऱ्यापुढं हात जोडता जोडता थांबली आणि पोट धरून हसली.

"आगं, ह्यो तर आमच्या नाथाचा बैल! ह्ये कान बघ, माज्या चिमटीचं. शिंग मोडलं तवा लय रडला बाबा!"

संयोगितानं हातातलं निरांजन खाली ठेवलं. "मग आत्ती, माजं सोमवार? एवढं बोलले, ते कुणाला?"

"ऐकणारा ऐकतोय की! बैल मधी हुभा ऱ्हायला म्हणून काय झालं?" असं म्हणत मनुबाईनं मला उचललं आणि ऋचाच्या ओंजळीत ठेवलं.

तरी संयोगितानं सोमवार सोडले नाहीत. दर सोमवारी सकाळी मी देव्हाऱ्यात, एरवी ऋचाबरोबर अंगणातल्या वाळूत. कपाळाला कुंकू, पायाला वाळू. नंदी, की नाथाचा बैल?

काल खेळता खेळता ऋचानं इकडंतिकडं बघितलं आणि माझ्या कानाला तोंड लावलं. "पप्पांना लवकर आण."

तीही तेच सांगते! मला देवाचं घर ठाऊक नाही हो. तुमच्यापैकी कुणी तिकडं जाणारं असेल, तर या मायलेकींचा निरोप तेवढा पोचवा.