भुशाखालचा बर्फ

मार्चमध्ये गोठलेल्या तळ्यातून बर्फाची लादी कापून राइयाने ती शेडात लाकडाच्या भुशाखाली पुरली, तेव्हा तिची धाकटी बहीण सिनिक्का पोट धरधरून हसली.

"जूनच्या सणापर्यंत टिकला हा बर्फ आणि त्यावर आइस्क्रीम जमलं, तर मी विजेचं नाव काढणार नाही," ती म्हणाली. "नाहीतर तारा ओढून घ्यायच्या आणि फ्रीजर आणायचा. कबूल?"

"कबूल!"

तळ्याकाठचं ते लाकडी घर दोघींचं. तिथे वीज कधीच नव्हती आणि राइयाला ती नकोच होती. फ्रीजरची घरघर ऐकायला इतक्या लांब कशाला यायचं? पैजेची अट एकच: मध्ये भुसा उकरायचा नाही. उकरला की ऊब आत शिरलीच म्हणून समजा.

आता न बघता राहायचं म्हणजे काय सोपं आहे का! दोघी आळीपाळीने तिथे राहायला यायच्या. मे महिन्यात राइयाच्या जिवाला चैन पडेना. असेल का बर्फ? की नुसतं पाणी? शेवटी तिने भिंतीच्या बाजूने उकरून आत हात घातला. बोटांना गारठा लागला आणि बाई खूश! भुसा होता तसा थापून टाकला. मग दर फेरीला तेच. एवढंसं बघितलं तर काय बिघडतंय!

जूनमध्ये युहान्नुसच्या सणाला दोघींनी फावडी घेतली. भुसा निघत गेला. भिंतीकडून राइयाचं बीळ होतं, ते ठीक. पण दाराकडूनही एक होतं! मध्ये बर्फ उरला होता पावाएवढा.

"सिनिक्का, हे काय गं?"

"मग काय करू? मला झोप लागेना!" सिनिक्का लालबुंद झाली. "आणि तू? मोठी साध्वीच की नाही!"

हसून हसून दोघी भुशातच बसल्या. पण पैज ती पैज. बर्फ थोडा म्हणून त्यांनी साय निम्मी केली, वेलची घातली, फोडलेला बर्फ जाड्या मिठात कालवून आइस्क्रीमच्या डब्याभोवती ठासला आणि दांडा फिरवायला घेतला. बर्फाचं भराभर पाणी होत होतं. राइयाचे हात भरून आले, तसा सिनिक्कानेच दांडा हिसकावून घेतला.

"जम की रे मेल्या!" ती डब्यावर खेकसली. आणि दांडा एकदम जड झाला.

जेमतेम चार-चार चमचे वाट्याला आले. सिनिक्काने चमचा चाटूनपुसून ठेवला आणि शेडाकडे बघितलं.

"पुढच्या वर्षी दाराला कुलूप लावू," ती म्हणाली.

"आणि किल्ली?"

"शेजारच्या पेंटीकडे. आपण रडून मागितली तरी द्यायची नाही, असं आजच बजावून येते त्याला."