टाकीतली लागवड

रोपाची सातवी काडी वाळूतून सुटून वर आली तेव्हा कवळीवाल्यानं हातातला लांब चिमटा माशांच्या टाकीच्या काठावर आपटला.

"काच फुटेल," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

"फुटू दे."

"फुटू दे काय? सगळं पाणी खालच्या मजल्यावर जाईल. मग माफी मागायला तुम्हीच जा, मी नाही जायची."

वर आलेली काडी पाण्यावर आडवी झाली आणि आधीच्या सहा जणींकडे निवांत तरंगत निघाली.

सकाळी आठपासून तो या टाकीला भिडला होता. मासे दोन बादल्यांत काढले. एकीत निळ्या पट्टीचे सोळा, दुसरीत तळ उकरत फिरणारे मिशीवाले पाच. मधोमध माजलेलं रुंद पानांचं झाड उपटलं, तर त्याच्या मुळांबरोबर अर्ध्या टाकीची वाळू उठून आली आणि खालचा काळा गाळ असा काही वर आला, की खोलीत नाक धरल्याशिवाय उभं राहवेना. तो उपसला, वाळू धुतली, मागे उंच आणि पुढे उतरती अशी पुन्हा पसरली, आडवं लाकूड उभं केलं, अर्धं पाणी भरलं. अंगमेहनतीचं सगळं बिनबोभाट पार पडलं. अडलं ते लागवडीपाशी.

काम तसं मोठं नव्हतं. काडीची खालची पानं खुडायची, चिमट्यात धरून ती वाळूत खोचायची आणि चिमटा अलगद उघडून बाजूनं काढून घ्यायचा. सगळी मेख त्या अलगदपणात होती. हात जरा हलला, की काडी चिमट्याबरोबर बाहेर. अशा साठ काड्या लावायच्या होत्या. दुपारचा एक वाजत आला होता आणि वाळूत टिकलेल्या काड्या होत्या चार.

"चांगली होती की टाकी," बायको हात पुसत दारात आली. "कुणी सांगितलं होतं मोडायला?"

"झाडं माजली होती."

"मग कात्रीनं छाटायची. तुम्ही तर घरच पाडलंत माशांचं."

खरं कारण त्यानं तिला सांगितलं नव्हतं. एकतीस वर्षं तो एका कारखान्यात खोटे दात बनवत आला होता. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे आणि त्यांवर तो मेणात दात कोरायचा. इमारतीतल्या लोकांनी त्याचं नाव कवळीवाला पाडलं होतं. त्याला त्याचं काही वाटत नसे, कारण कारखान्यात समोरचे दात, माणूस हसला की जे दिसतात ते, त्याच्याशिवाय कुणाच्या टेबलावर जात नसत. उन्हाळ्यापासून मात्र त्यानं केलेलं काम परत येऊ लागलं. कधी दाताची कड तिरकी, कधी फट जास्त. त्यानं आधी मेणाला नावं ठेवली, मग नव्या दिव्यांना, मग पाठीमागे येऊन उभ्या राहणाऱ्या मालकाला. घरी, सुट्टीच्या दिवशी, मागे कुणी उभं नसताना हात स्थिर राहतो का, एवढंच त्याला बघायचं होतं. राहिला, तर दोष दिव्यांचा. म्हणून त्यानं चांगली नांदती टाकी मोडली होती.

आठवी काडी लावली. आली वर. नववीही आली.

"ही वाळूच भुसभुशीत आहे," तो म्हणाला.

"चार वर्षं होती ना त्यात झाडं? आजच बरी भुसभुशीत झाली."

तेवढ्यात बेल वाजली आणि बायकोचा धाकटा भाऊ आत आला. हा विम्याचा माणूस. कुणाच्याही घरी गेला, की पाच मिनिटांत त्या घरातल्या प्रत्येक वस्तूबद्दल याचं मत तयार असे. बसायच्या आधी त्यानं टाकीत डोकावून घेतलं.

"दाजी, लाकूड उलटं लावलंय."

"लाकडाला उलटं-सुलटं नसतं."

"नसतं कसं? आमच्या ऑफिसात टाकी आहे ना. एक माणूस येतो, अर्ध्या तासात सगळं करून जातो. तुम्ही म्हणे सकाळपासून बसलाय?"

"तुझ्या ऑफिसातली झाडं प्लास्टिकची आहेत."

"म्हणून तर मरत नाहीत!"

बायको हसली. कवळीवाला हसला नाही. त्यानं दहावी काडी उचलली, मनगट काठावर टेकवलं, श्वास रोखला. मेहुणा खुर्ची ओढून अगदी जवळ बसला. चिमटा पाण्यात उतरला आणि त्याच्या टोकाशी ती हिरवी काडी हलू लागली, जणू पाण्याला ओढ होती. पण पाणी तर स्थिर होतं. फिल्टर सकाळीच काढून बादलीत ठेवला होता.

"दाजी," मेहुणा गमतीनं म्हणाला, "हात का हो असा कापतोय? ताईला इतके घाबरता?"

कुणी हसलं नाही. मेहुण्यानं एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा दाजींकडे. आपण काय बोललो ते त्याला कळेना. काडी सुटली आणि वर आली.

"तू आधी ऊठ इथून!" कवळीवाला ओरडला. "सगळा उजेड अडवून बसलाय."

"अहो!"

"काय अहो? सकाळपासून ऐकतोय. टाकी का मोडली, लाकूड उलटं, हात कापतो. इथं काम करायचं का तुमची मतं ऐकायची?"

बायकोनं भावाच्या खांद्यावर हात ठेवला. "जा रे, दुकानातनं वाळूची एक पिशवी घेऊन ये. बारीक बघून आण."

"ताई, मी गप्प बसतो की."

"जा म्हणते ना."

तो गेला. खोलीत हवेच्या पंपाचा बुडबुडाट तेवढा राहिला. पंप एकच होता. अर्ध्या अर्ध्या तासानं त्याची नळी या बादलीतून त्या बादलीत हलवावी लागत होती, आणि मघाच्या आरडाओरड्यात ते राहून गेलं होतं. निळ्या पट्टीचे मासे पाण्याच्या वर तोंडं आणून आ वासत होते. बायकोनं वाकून नळी तिकडे घातली.

"यांना फार वेळ असं ठेवता येणार नाही ना?"

"नाही."

"कधीपासून?"

"सकाळपासून. बघतेस की."

"मासे नाही. हात."

तो चिमट्याची टोकं पुसत राहिला. पुसण्यासारखं त्यांना काही लागलं नव्हतं.

"उन्हाळ्यापासून."

"आणि कामावर?"

"समोरचे दात आता शेजारच्या टेबलावर जातात. मी नुसतं पॉलिश करतो." मग एकदम चिडून म्हणाला, "मालक तोंडानं काही बोलत नाही. साचे आले, की बाकीचे ते माझ्यासमोरून उचलून नेतात. भांडावं तर कुणाशी?"

"मला सांगायचं होतं."

"सांगून काय? तू दात कोरणार होतीस?"

"दात नाही," ती म्हणाली. "सरका जरा."

तिनं मनगटावरचं घड्याळ काढलं आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला.

"चिमटा घे."

"बोटं आहेत की मला."

तिनं बोटानं वाळूत भोक पाडलं, काडी त्यात सोडली, दोन्ही बाजूंनी वाळू दाबली. काडी राहिली. दुसरी राहिली. तिसरीही राहिली. कवळीवाल्याला बरं वाटायला हवं होतं. त्याला टाकी उचलून आपटावीशी वाटली.

"फार जवळ लावतेस. दोन बोटं अंतर सोड."

"कुणाची बोटं? तुमची का माझी?"

"तुझी. आणि तिरकी खोच. अगं, ओळीत नको लावूस, भाजीचा वाफा आहे का!"

"कारखान्यातही असंच ओरडता?"

"तिथं ओरडावं लागत नाही. तिथल्यांना कळतं."

"मग त्यांना बोलवा."

पण ओळ तिनं मोडली. पाऊण तास तो पानं खुडून देत होता आणि ती लावत होती. खुडताना हात थरथरला तरी चालत होतं.

शेवटी वाळूवर ताटली ठेवून त्यांनी तिच्यावर धार धरली आणि टाकी काठोकाठ भरली. कितीही जपलं तरी उरलासुरला गाळ उठलाच. पाणी चहासारखं झालं. मासे थांबू शकत नव्हते, म्हणून तसेच सोडले. एकेक निळी पट्टी त्या गढुळात शिरली आणि दिसेनाशी झाली.

"आता असंच राहणार?" बायकोनं विचारलं.

"दोन दिवसांत बसेल खाली."

"डॉक्टरकडे कधी जायचं?"

"उद्या. आधी मालकाला सांगतो."

"काय सांगाल?"

तो जमिनीवर सांडलेलं पाणी पुसू लागला.

दार ढकलून मेहुणा आत आला. खांद्यावर वाळूची पिशवी, कपाळावर घाम. टाकी भरलेली बघून त्याला हायसं वाटलं असावं, कारण तो उंबऱ्यातूनच मोठ्यानं म्हणाला, "झालं पण? वा! शेवटी दाजींनी करून दाखवलंच!"

"हो, म्हणजे काय," बायको घाईनं म्हणाली, "त्यांनी एकदा मनावर घेतलं की..."

"तुझ्या ताईनं लावलं," कवळीवाला म्हणाला. "माझा हात आता चालत नाही."

मेहुण्यानं पिशवी खांद्यावरून उतरवून भिंतीशी ठेवली. गुडघ्यांवर हात टेकून तो टाकीसमोर वाकला. आत गढूळ पाण्याशिवाय काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

"छान झालंय, दाजी," तो म्हणाला.