माझ्या पोटातलं ताईचं माप

मी एक जुना सर्व्हर आहे, मित्रांनो. काळ्या पत्र्याची पेटी, पुढे दोन हिरवे दिवे, मागे एक पंखा. दिवे आता लागत नाहीत. माझ्यावर दोऱ्याची रिळं मांडलेली असतात आणि मी दिवसभर त्यांच्याखाली डुलक्या घेतो. डुलकीत मला एक थंड, लांबच लांब दालन दिसतं. ते का दिसतं, ते सांगतो.

कारखान्यात आम्ही शेकडो भावंडं एका रांगेत तयार झालो आणि दाही दिशांना पांगलो. माझी रवानगी एका शिवणघरात झाली. जिन्याखालच्या खणात मला बसवलं. तिथल्या मालकीणबाईला सगळे मावशी म्हणत. शिलाई मशीन सोडून दुसऱ्या कुठल्याच यंत्रावर तिचा भरवसा नव्हता. तरी तिने वह्यांमधली सगळी मापं एका बोटाने टाइप करत माझ्या पोटात भरली. छाती, कंबर, बाही आणि खाली शेरा. ‘माप घेताना पोट आत ओढतात, दोन बोटं जास्त धरणे.’ मला गाल असते, तर मी गालातल्या गालात हसलो असतो.

गिऱ्हाईक म्हणायचं, "मावशी, इतक्या वर्षांनी माझं माप लक्षात आहे?" मावशी माझ्या पाठीवर थाप मारायची. किती मऊ दिवस होते ते!

त्या मापांमध्ये एक माप ताईचं होतं. ताई म्हणजे मावशीची थोरली बहीण. तिची मुलगी दोन वर्षांची असतानाच ती गेली आणि भाचीला मावशीनेच वाढवलं. वर्षातून एकदा दार लोटून मावशी ते माप उघडायची. शिवायची काही नाही, नुसती बघत बसायची. पुढे वह्या वाळवीने खाल्ल्या. ताईचं माप आता जगात फक्त माझ्याजवळ उरलं होतं. मी ते जिवापाड जपत होतो.

आणि मग मावशीला माझी दया आली. "किती धूळ बसते बिचाऱ्यावर," असं म्हणून तिने टेप आणली, माझी लांबी-रुंदी घेतली आणि आत अस्तर लावलेलं, जाडजूड, बटणांचं कव्हर शिवलं. असं चापून बसलं की वाऱ्यालाही आत वाट राहिली नाही! महिन्याभरात मी तापलो आणि भर दुपारी कामातच बंद पडलो.

भाची धावत आली. "मावशी, अगं जीव गुदमरला याचा!"

"पण किती सुंदर बसलंय!"

"म्हणूनच गुदमरला!"

तिने कव्हर काढलं. मी धापा टाकत पुन्हा सुरू झालो, पण आतून खरखर येऊ लागली. भाची गंभीर झाली. "हा फार दिवस काढायचा नाही. सगळं क्लाऊडवर ठेवू."

"ढगात? माझ्या ताईचं माप वाऱ्यावर सोडू?"

"ढगात नाही गं. कुठेतरी मोठमोठी दालनं आहेत, याच्यासारखी हजारो यंत्रं गार हवेत बसलेली. त्यात आपण भाड्याने जागा घ्यायची. हंगामात काम वाढलं की जास्त, ओसरलं की कमी. एकाच मापाच्या प्रती दोन-तीन ठिकाणी राहतात. उद्या दुसऱ्या गावात दुकान काढलं, तर तिथेही तेच माप उघडेल."

"आणि किल्ली?"

"पासवर्ड. तो मात्र आपणच सांभाळायचा. भिंतीवर खडूने लिहू नकोस म्हणजे झालं."

मापं निघाली. मी पुन्हा तापू लागलो. मावशी पुठ्ठ्याने मला वारा घालत होती. "एवढं पोचव रे बाबा," ती पुटपुटत होती. ताईचं माप सगळ्यांत शेवटी होतं. माझी शुद्ध हरपत चालली होती. वायरीतून मीच वाहत निघालोय असं वाटलं. समोर ते थंड दालन आलं. माझी हरवलेली भावंडं हिरवे दिवे लावून बसली होती. त्यांच्या ओंजळीत मी ताईला ठेवलं आणि माझे दिवे विझले.

भाचीने घाईघाईने फोनवर शोधलं. माप पोचलं होतं! खाली शेरा होता, तो तिने पहिल्यांदाच वाचला. ‘डावा खांदा अर्धा इंच खाली. पोर कडेवरून उतरेना, तसंच माप घेतलं.’

"मावशी, ही पोर..."

"दुसरी कोण असणार?" मावशी डोळे पुसत म्हणाली. "किती वेळा वाटलं, आकडा सरळ करून टाकावा. हात होत नाही."

"नको करूस," भाची म्हणाली आणि फोन छातीशी धरून तिथेच खाली बसली. आई तिला फक्त फोटोतून ठाऊक होती.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं एखादं थकलेलं यंत्र असेल. त्याला गोधडीत गुंडाळू नका, वारा लागू द्या. त्याच्या पोटात काय आहे, ते त्याचा श्वास चालू आहे तोवर बघा आणि त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवा. मी आता रिकामा आहे. पण डुलकी लागली की दूरच्या त्या दालनात मला ताई उभी दिसते, डावा खांदा जरा झुकवून. तिच्या कडेवरची पोर अजून उतरलेली नाही.